खुंटा तळाला गेला नव्हता

भोसरीच्या बाजूला राहणाऱ्या आम्हा लोकांना तेव्हा गजराचं घड्याळ लागत नसे. फोर्जिंगच्या कारखान्यातला लोखंड ठोकणारा हॅमर पडायला लागला की मांडणीवरची भांडी किणकिणायची आणि चाळीत एकेक स्टोव्ह पेटायचा. बंदच्या दिवशी मी दचकून उठलो, तो भांडी वाजली नाहीत म्हणून. बाहेर आलो तर शेजारपाजारचे लोकही ओट्यावर येऊन उभे होते. पिंपरीपासून मोशीपर्यंत एकाही कारखान्याचा आवाज नव्हता. हायवेवर एक म्हैस रस्त्याच्या मधोमध बसली होती.

आणीबाणी उठून काही वर्षं झाली होती. एका मोठ्या कारखान्यातून कामगारांना काढून टाकलं होतं, आणि या कारखान्यांच्या पट्ट्यातल्या सगळ्या संघटना पहिल्यांदाच एकत्र येऊन एका दिवसाच्या बंदला तयार झाल्या होत्या. त्याआधीचे बंद मी पाहिले होते. ते अर्धेमुर्धे व्हायचे. कुणाची संघटना आत तर कुणाची बाहेर. त्यात आमच्यासारखे भट्टीवाले असायचे. भट्टी विझू द्यायची नाही असा नियम, म्हणून बंद असला तरी आम्हाला आत जायची मुभा असे. मग दुसऱ्या दिवशी पेपरात आमच्या चिमणीच्या धुराचा फोटो यायचा आणि खाली लिहिलेलं असायचं, काम सुरळीत. इतर कंपन्यांतले लोक आम्हाला त्यावरून टोमणे मारत. सांगवीचा माझा एक मेहुणा मला ‘धूरवाले’ म्हणूनच हाक मारायचा.

म्हणून या वेळी आमच्या संघटनेच्या कमिटीने ठरवलं होतं, भट्टीसुद्धा बंद. धुराची रेषा दिसता कामा नये.

माझं काम हीट ट्रीटमेंटला होतं. आमच्याकडे मिठाची भट्टी होती. जेवणातलं मीठ नव्हे. कारखान्याचं वेगळं मीठ लोखंडी कढईत तापवून पाण्यासारखं पातळ करायचं आणि त्यात गिअर बुडवून कडक करायचे. कढईच्या खाली तेलाचा बर्नर. ही भट्टी सहसा विझवत नसत, गुरुवारच्या सुट्टीलाही मंद चालू असायची. दिवाळीत कंपनी बंद व्हायची तेवढीच ती थंड व्हायची, आणि त्या वेळी एक गोष्ट करावीच लागे. मीठ पातळ आहे तोवर त्यात एक जाड लोखंडी खुंटा थेट तळापर्यंत उभा करायचा. कारण पुन्हा पेटवताना तळाचं मीठ आधी वितळतं, फुगतं, आणि वर दगडासारखा थर असतो. वाट मिळाली नाही तर तो थर फोडून उकळतं मीठ छपरापर्यंत उडतं. खुंटा असला की लोखंड आधी तापतं, त्याच्या कडेने मीठ सुटतं आणि खालच्याला वर यायला वाट होते. खंडेनवमीला मशिनींची पूजा व्हायची तेव्हा आमच्याकडे खुंट्यांनाही हळद-कुंकू लागायचं. लहान-मोठे तीन-चार होते, भिंतीला टेकून ठेवलेले.

हे सगळं मला शिकवलं आमच्या फोरमननी. सगळं खातं त्यांना मामा म्हणायचं. मोशीकडचे, जुन्या गावकऱ्यांपैकी. आमची शेड ज्या जमिनीवर उभी होती ती त्यांच्या चुलत्यांची ज्वारीची जमीन. बासष्ट-त्रेसष्टला ती कारखान्यासाठी गेली आणि तिच्या बदल्यात मामांना हेल्परची नोकरी मिळाली. पुढे ते फोरमन झाले, म्हणजे संघटनेच्या बाहेर गेले. पण डबा आमच्यातच बसून खायचे. मी बहात्तरच्या दुष्काळानंतर बीडकडून आलेला. माझ्या हाताला धरून त्यांनी मला बर्नर पेटवायला शिकवलं.

बंद शुक्रवारी होता. गुरुवारी सुट्टी, त्यामुळे भट्टी बुधवारी पहिली पाळी सुटतानाच विझवायची होती. मी तेलाची चावी फिरवली, बर्नरला हवा देणारा ब्लोअर थांबला, आणि शेडच्या दारात उभ्या असलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला खांद्यावर उचललं. गेटवर सभा होती, तिथपर्यंत तसंच नेलं. आमच्या कमिटीचा पुढारी साताऱ्याकडचा टर्नर होता, सगळे त्याला भाऊ म्हणत. त्याने माझ्या कपाळाला गुलाल लावला आणि माइकवर म्हणाला, “धूरवाले धूरवाले म्हणून आपल्याला चिडवतात ना? हा बघा, यानं आज धूर बंद केला.”

मला इतका मान कधी मिळाला नव्हता. घोषणा दिल्या, भाषणं ऐकली, भेळ खाल्ली. सूर्य कलला तेव्हा एकदम आठवलं. खुंटा घातलाच नव्हता.

मी वॉचमनला सांगितलं, डबा राहिला आत. शेडमध्ये पळत गेलो. कढईवर साय धरावी तसं मीठ धरलं होतं. पहारीने थर फोडला, खुंटा उभा करून वरून घण घातले. तो उतरत गेला आणि एका जागी थांबला. तळाशी गाळ जास्त होता, तो आधीच घट्ट झाला होता. त्याचं टोक तळापासून हातभर तरी वर राहिलं असेल. पुन्हा घण घातला, नुसता ठणका हाताला बसला. मग मी कढईवर झाकण ठेवलं. झाकणाच्या भोकातून खुंट्याचं डोकं दिसत होतं. कुठल्या लांबीचा खुंटा आत आहे हे घालणाऱ्यालाच माहीत असतं. बघणाऱ्याला सगळं ठीकठाक वाटावं असं ते दिसत होतं.

मी स्वतःला समजावलं की पेटवणार आपणच, शनिवारी. तेव्हा वरून गॅसच्या टॉर्चने हळूहळू वितळवत जाऊ, कुणाला कळणारही नाही. गुलाल लावून घेतलेल्या माणसाने परत जाऊन चूक सांगायची, हे मला जमलं नाही.

शुक्रवारी सकाळी गेटवर आमचे बहुतेक सगळे जमले होते. पलीकडे पोलिसांची गाडी. आत अधिकारी लोक गुरुवारपासूनच मुक्कामाला होते, आणि मामांनाही ठेवून घेतलं होतं. उन्ह चढू लागलं तेव्हा मामी आल्या. बस नव्हती, मोशीहून चालत आल्या होत्या. हातात फडक्यात बांधलेला डबा.

“मामी, तो डबा आम्हाला द्या,” कुणीतरी ओरडलं. “आत साहेबांबरोबर पुरी-भाजी खात असतील मामा.”

“तुमाला कशाला?” मामी म्हणाल्या. “काम बंद केलं, भूक बंद करता ईना व्हय?”

हशा पिकला. दुसरा म्हणाला, “मग मामांनाच बाहेर बोलवा की. आमच्या पंगतीत बसवतो. मानाचं पान देतो.”

“कुठं सोडत्यात त्यास्नी. शुगर हाय, येळेवर खायला लागतं, पर हितं कुनाला काय त्याचं.”

भाऊ पुढे झाला. “जाऊ द्या रे मामींना. डब्याला बंद नाही.”

लोकांनी वाट दिली. मामींनी मला पाहिलं आणि थांबल्या. “तू हितं हाईस व्हय? काल सांजच्याला डबा द्यायला आले तवा तुजंच नाव घेत व्हते. म्हनले, भट्टी पेटवा म्हनून साहेब मागं लागल्यात. दुपारी फोटोवाले येनार हायत, तवर धूर दिसाय पायजे. मी म्हनलं, कशाला त्या आगीच्या भानगडीत पडताय. तर म्हनले, काळजी करू नगंस, पोरानं खुंटा घालून ठिवलाय. त्यो नसता तर मी हात लावला नसता.”

हे त्या अगदी कौतुकाने सांगत होत्या. मामांनी माझ्यावर विश्वास टाकला होता, आणि तेवढ्याच भरवशावर ते बर्नरच्या समोर बसणार होते.

मी केबिनच्या खिडकीशी गेलो. वॉचमन फौजेतून आलेला, हिंदी बोलणारा. त्याला हळू आवाजात सांगितलं, हीट ट्रीटमेंटला फोन करा, मामांना सांगा भट्टी पेटवू नका, खुंटा तळाला नाही. त्याने फोन फिरवला. पलीकडे मामा नव्हते, मॅनेजर होता. वॉचमनने ऐकलं आणि फोन ठेवला.

“साहब बोला, कल ट्रक जलाने की धमकी, आज ये. बोलना है तो अंदर आके बोलो.”

“अहो, धमकी नाही. खरंच फुटेल ती.”

“मैंने बोल दिया भाई. अब मैं क्या करूँ?”

मागे भाऊ उभा होता. “काय चाललंय रे तुझं केबिनपाशी?”

“काही नाही. मामींचा डबा...”

“डबा वॉचमन नेईल. तू मागं ये.”

“भाऊ, मला आत जावं लागेल.”

“कशाला?”

आजूबाजूचे सगळे ऐकत होते. बुधवारी ज्यांनी मला खांद्यावर घेतलं होतं तेही. ओठावर आलं होतं. एवढंच म्हणायचं होतं की माझ्या हातून चूक झाली आहे आणि आत माणूस मरेल. मी म्हणालो, “काम आहे.”

“काम?” भाऊ म्हणाला. “आज?” सगळे मोठ्याने हसले. त्यालाही आधी हसू आलं. मग त्याने माझं तोंड पाहिलं आणि दंडाला धरून बाजूला घेतलं. आवाज खाली आणला. “गड्या, मागं बघ. ती टेंपररी पोरं उभी आहेत ना, ठेकेदारानं त्यांना सांगितलंय, आज खाडा केला तर उद्यापासून येऊ नका. सकाळपासून ती गेटकडं बघतायत. एक कायम माणूस आत गेला की त्यांना निमित्त मिळेल. मग मी त्यांना कोणत्या तोंडानं अडवू? काय असेल ते मला सांग.”

तो मला विचारत होता, हे आज लिहिताना स्पष्ट दिसतं. तेव्हा मला वाटलं तो अडवतो आहे. मला वाटलं, खरं सांगितलं तर तो म्हणेल, पेटवणारे त्यांचे ते, आपल्याला काय? आणि मग मला त्याचं ऐकावं लागेल. मी त्याला असं काही बोलायची संधीच दिली नाही. शेडच्या छपराकडे पाहिलं. चिमणीच्या तोंडाशी हवा थरथरत होती. धूर नव्हता अजून, पण बर्नर लावला की आधी हवा अशीच हलते.

मी दंड सोडवून घेतला आणि मोठ्या फाटकातल्या लहान दारातून आत शिरलो.

मागून एकच आवाज आला, “फितूर!” तो कुणाचा होता मला माहीत आहे. आम्ही एका खोलीत राहत होतो.

मशिन शॉपमधून पळत गेलो. लेथ रांगेने कापडाखाली झाकलेले. माझ्याच चपलांचा आवाज पत्र्यावर आपटून परत येत होता. पुढे ब्लोअरची घरघर ऐकू येऊ लागली. शेडमध्ये मामा चावीजवळ स्टुलावर बसले होते. मॅनेजर आणि दोन अधिकारी हातात मोठमोठे हातमोजे घालून कढईच्या अगदी जवळ उभे होते, जणू दूध तापायची वाट बघत आहेत. झाकणाखालून टक्, टक् असा आवाज येत होता.

“मामा, बंद करा!”

“का रं?” मामा वळले. “खुंटा हाय की.”

“तळाला गेला नाही. हातभर वर अडकलाय. मी उशिरा घातला, खाली धरलं होतं.”

मामांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले नाहीत, काही विचारलंही नाही. हात चावीवर होताच, तो फिरला. ब्लोअर थांबला.

मॅनेजर ओरडला, “कुणी सांगितलं बंद करायला? ही यांची चाल आहे. पाठवलाय याला.”

“मी केलंय बंद,” मामा म्हणाले. “भायेर व्हा समदे. आदी भायेर व्हा.”

आम्ही शेडबाहेर बाभळीच्या झाडापाशी जाऊन उभे राहिलो. आतून टक् टक् चालू होतं. कधी दोन आवाजांमध्ये बराच वेळ जायचा आणि मला वाटायचं, आता. अधिकाऱ्यांपैकी एक सिगारेट काढून पेटवायची विसरून गेला. मामा उकिडवे बसले होते, नजर दारावर.

काही झालं नाही. आवाज विरळ होत थांबले.

“झालं नाटक?” मॅनेजर म्हणाला. “पेटवा परत.”

मामा उठले, तेलाच्या हातांनी पँट झटकली. “पेटवायची आसंल तर तुमी पेटवा. चावी थितंच हाय.”

मॅनेजर शेडच्या दारापर्यंत गेला आणि परत आला. त्या दिवशी धूर निघाला नाही.

मामांनी मला बाजूला नेलं. “आलास त्ये लई बरं केलंस. आता भायेर कसा जाशील?”

तोवर मला हे सुचलंच नव्हतं. मी फाटकाकडे आलो तर आतल्या अंगणात माणसं उभी होती. टेंपररी पोरं. माझ्यामागून एक शिरला, मग दुसरा, मग दहा-बारा एकदम. भाऊने त्यांना अडवलं नाही असं नंतर कळलं. तो बाजूला झाला होता. फोटोवाले आले तेव्हा त्यांना धूर मिळाला नाही, पण अंगणात घोळक्याने उभी असलेली माणसं मिळाली. त्यांत मी होतो. लहान दाराला कुलूप लागलं होतं आणि संध्याकाळपर्यंत ते उघडलं नाही.

पट्टा त्या दिवशी शंभर टक्के बंद होता. आकुर्डी, चिंचवड, दापोडी, कुठेही चाक फिरलं नाही. लोक आजही तसंच सांगतात आणि ते खरं आहे. फक्त आमच्या गेटवर माणसं आत गेली. कंपनीने तेवढंच पुढे धरलं. कामगारांना काम करायचं होतं, कमिटीने जबरदस्तीने अडवलं, असं म्हणून भाऊला आणि आणखी काही जणांना आधी निलंबित केलं, मग काढून टाकलं. आमची संघटना त्यानंतर उभी राहिली नाही. मला कुणी काढलं नाही. उलट मॅनेजर दिसला की मान डोलवायचा. ते मान डोलावणं मला शिवीसारखं लागायचं, पण मी नोकरी सोडली नाही.

मीठ पुढे छिन्नीने फोडून काढलं. खुंटा खरोखरच हातभर वर होता. पण भट्टी फुटली असती की नसती, हे कुणी सांगू शकत नाही. मामांनी चार लोकांना सांगून पाहिलं, पोरगा माझ्यासाठी आत आला. लोक म्हणाले, मामा काय, साहेबांचाच माणूस. खोलीतल्या मित्राने आपली वळकटी उचलली आणि काळेवाडीला राहायला गेला. मी तोंड उघडलं नाही. सांगायला गेलो तर सबब वाटेल असं मला वाटे. बुधवारीच ते सांगितलं असतं तर ती नुसती चूक ठरली असती.

ऐंशी साल उलटल्यावर चाकणच्या वाटेला लहान लहान शेड उभ्या राहायला लागल्या होत्या. मामा निवृत्त झाले त्या वर्षी मला कळलं की भाऊ तिकडे एका शेडमध्ये लेथवर आहे. सायकल काढून गेलो. एका रांगेत तीन मशिन, बाहेर पत्र्याचा आडोसा. भाऊ काम करत होता. त्याने मला पाहिलं, नजर परत कामावर नेली. मागच्या मशिनवर आमच्याच गेटवरचे दोघं होते, त्याच्याबरोबर काढलेले. त्यांतल्या एकाने मला ऐकू येईल असं म्हटलं, “या, धूरवाले.”

मी लेथच्या आवाजात भाऊच्या कानाशी वाकून सगळं सांगितलं. बुधवारी खुंटा विसरलो, डब्याचं खोटं बोलून आत गेलो, तो अडकला, मामी काय म्हणाल्या, फोनवर काय झालं. माझं संपल्यावर त्याने विचारलं, “मामा बरे आहेत?”

“बरे आहेत. निवृत्त झाले.”

“मी तुला दंडाला धरून विचारलं होतं.”

“हो.”

“अरे, मी स्वतः तुला आत नेऊन सोडलं असतं. सगळ्यांना सांगून. त्या पोरांना म्हणालो असतो, हा माणूस वाचवायला चाललाय, कामाला नाही. कुणी हललं असतं?” त्याचा आवाज चढला नव्हता. “मला काढलं त्याचं काही नाही. काढणारच होते, आज नाही तर उद्या. पण इतकी वर्षं मला वाटत होतं की मी माणूस ओळखण्यात चुकलो. तुझ्या कपाळाला मी गुलाल लावला होता रे.”

मी म्हणालो, “चुकलं माझं.”

“ते मला सांगून काय उपयोग?” त्याने हात पुसला आणि बटण दाबून लेथ थांबवला. मागे वळून दोघांना खूण केली, त्यांनीही आपापली मशिनं बंद केली. शेड एकदम शांत झाली. ते दोघे हाताची घडी घालून माझ्याकडे बघत उभे राहिले.

“आता सांग,” भाऊ म्हणाला. “मोठ्यानं. त्यांना ऐकू जाईल असं.”

मी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागलो.